माळावरचं दार आणि मानाजी

एक होतं दार. नुसतं दार, बरं का! माळावर पूर्वी एक किल्ला होता. त्याच्या भिंती पडल्या, बुरूज ढासळले, दगड लोकांनी गोठे बांधायला नेले. दार तेवढं राहिलं. हत्ती जाईल एवढं उंच, अंगभर लोखंडी खिळे, वर दगडी कमान. मोठ्या दारात एक छोटं दारही होतं, माणूस वाकून जाईल एवढं. त्याला दिंडी म्हणतात. आणि सगळं घट्ट बंद!

त्या माळावर धनगरांचा तळ पडला. तळावर ठकू नावाची एक पोर होती. एवढीशी, पण चौकशा भारी. तिला ते दार बघून राहवेना. पुढून बघितलं, तर दार. मागून बघितलं, तर नुसतं गवत. ना दाराची पाठ, ना कडी, काहीच नाही. असं कसं? मग ती मेंढरं सोडून दाराभोवती फेऱ्याच मारत बसली.

तेवढ्यात काय झालं, तिचं आठ दिवसांचं कोकरू दाराखालच्या फटीतून आत शिरलं. ठकू पळत मागे गेली. कोकरू कुठंय? गवत! मग तिने पुढे येऊन दाराला कान लावला, तर आतून बारीक आवाज, "बँऽऽ."

आता आली का पंचाईत? दुपार कलली की तळ हलणार होता. कोकराची आई ओरडून ओरडून बेजार झाली होती. दुधाविना ते पिल्लू किती तग धरणार? ठकूला रडूच फुटलं. मेंढरांवरचं लक्ष तिनंच सोडलं होतं ना!

मग तिनं डोळे पुसले आणि दार वाजवलं.

"कोण हाय?" आतून जाडाभरडा आवाज आला.

"मी ठकू. माझं कोकरू द्या."

"मी मानाजी पहारेकरी. राजा लढाईला गेलाय. मी येईस्तोवर दार उघडू नको, म्हणालाय. जा घरी."

मग ठकूनं दुसऱ्यांदा दार वाजवलं. "अवो बाबा, किल्ला कधीच पडला! भिंतीच न्हाईत. कशाला राखताय?"

"खोटं बोलू नगंस पोरी. मला हिथून भिंत दिसतीया."

काय करणार? ठकू तिथेच उंबऱ्यावर बसली. सूर्य डोक्यावर आला होता. तिनं फडकं सोडलं. आत भाकरी आणि लसणीची चटणी होती. पहिला घास उचलला आणि तिचा हात थांबला. तिनं तिसऱ्यांदा दार वाजवलं, अगदी हळू.

"बाबा, तुमी जेवलासा का?"

आतून पावलं दिंडीजवळ आली.

मग मानाजी म्हणाला, "लई दिसांत हे कुणी इचारलं न्हाई गं."

"मग घ्या की. पण देऊ कुठनं?"

मानाजी विचारात पडला. "राजा दाराबद्दल बोलला व्हता," तो पुटपुटला. "दिंडीचं काय बोलला न्हाई."

आणि मग काय! करकर करकर करत दिंडी उघडली. गुडघ्यापर्यंत पांढरी दाढी असलेला एक म्हातारा वाकून बाहेर आला. काखेत कोकरू! ते उडी मारून जे सुटलं, ते थेट आईच्या पोटाखाली.

मानाजीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. भिंत नाही, बुरूज नाही. मोकळा माळ आणि वारा. तो मटकन खाली बसला. ठकूनं त्याच्या हातावर अर्धी भाकरी ठेवली. तो खात होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

तळ हलायची हाक आली. ठकू म्हणाली, "चला की आमच्यासंगं."

मानाजी उठला. सवयीनं दिंडी लावायला वळला. "राजा आला तर गं?"

"आला तर आला," ठकू म्हणाली. "उघडंच हाय की. त्याला थांबायला नको."

मानाजी हसला. दिंडी तशीच सोडून तो मेंढरांमागे चालू लागला. मग तो धनगरांच्या तळावरच राहिला, दोन्ही वेळ पोटभर जेवला, आणि सगळे मजेत राहिले.

चला, आता पांघरुणं ओढा बघू. कूस बदला आणि निजा.