मानाचं माप आणि भिवरा बुरडीण

ऐका. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. ज्यांनी लक्षात ठेवायचं ते तेव्हा पारावर बसून पान चघळत होते. आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून तर ही गोष्ट मुळीच ऐकू नका. ते खोताला भला माणूस करून टाकतात आणि भिवरेला थेट देवी. देवी केली की सोयीचं असतं. तिचं काय झालं, ते सांगावं लागत नाही.

तर डोंगराच्या पायथ्याला सावरटेप नावाचं गाव होतं. भाताचं गाव. आषाढात तिथं असा पाऊस पडायचा की समोरचा बैल दिसायचा नाही, नुसतं त्याच्या गळ्यातलं घुंगरू ऐकू यायचं. त्या पावसात बायका खाचरात वाकून भाताची रोपं लावायच्या, आणि डोक्यावरून पाठीवर इरलं घ्यायच्या. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची पानं. चालतंफिरतं छप्परच. पण गावात इरली विणणारं कुणी नव्हतं. ती खाडीपलीकडच्या बाजारातून यायची, आणि यायची तेव्हा अर्धी लावणी उरकलेली असायची.

अशा गावात सटवा बुरूड आणि त्याची बायको भिवरा राहायला आली. बरोबर बांबू सोलायच्या दोन कत्त्या, थोडी मडकी, आणि भिवरेच्या कडेवर तान्ही ठकी.

भिवरा नवऱ्याला म्हणाली, "अहो, आधी जरा हिंडून बघू. कोण काय अंगावर घेतं, कसं घेतं, कुठं भिजतं. मग कत्ती लावू."

सटवा हसला. "बायकांच्यात हिंडून कुठं धंदा होतो व्हय? गावाला विचारायचं म्हंजे कुणाला विचारायचं, ते ठाव हाय मला."

आणि तो पारावर गेला.

आता सावरटेपची एक रीत होती. तिला मानाचं माप म्हणायचे. गावात कुणीही नवा कारागीर आला, की त्याने पहिलं माप खोताच्या अंगाचं घ्यायचं आणि पुढचं सगळं काम त्याच मापावर करायचं. सुताराने दारं केली ती खोताच्या उंचीची. चांभाराने वहाणा केल्या त्या खोताच्या पावलाच्या. अख्खं गाव फटाक फटाक करत चालायचं, वहाणा पायातून निसटायच्या, पण बोलायचं कुणी नाही. मान होता ना तो.

विसाजी खोत पारावर बसला होता. भोवती गावातले शहाणे.

"काय रे बुरडा, काय करतोस?"

"काय लागतं गावाला, आबा? सांगाल ते करतो."

"इरली कर. मोठी कर, उंच कर. दुरून बघितलं की कळलं पाहिजे, हे सावरटेपचं माणूस. घे माप."

खोत ताठ उभा राहिला. आयुष्यात तो कधी वाकला नव्हता, त्यामुळे त्याला दुसरं कसं उभं राहता आलं नसतं. सटवाने कामटी त्याच्या डोक्यापासून पोटरीपर्यंत धरली, खूण केली. शहाण्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाचेही पाय गेल्या कित्येक वर्षांत चिखलाला लागले नव्हते.

सटवाने घर भरून इरली विणली. देखणी होती, असं म्हणतात. उभी करून ठेवली की देवळाच्या कळसासारखी दिसायची. पुरुषांनी ती घरी नेली, आणि बायकांनी ती घालून खाचरात पाय ठेवला. वाकल्या मात्र, आणि इरलं मानेवरून पुढं घसरून थेट चिखलात. सावरून घेतलं तर मागून वारा आत शिरायचा आणि इरलं शिडासारखं फुगायचं. शेवटी बायकांनी ती बांधावर भिरकावली आणि उघड्या पाठीने लावणी केली. संध्याकाळी घरी जाऊन एकीने तरी सांगावं? नाही. एकाने तरी विचारावं? तेही नाही.

फक्त दुसऱ्या खेपेला इरली खपेनात. पारावर निकाल लागला, "बुरडाच्या हातात कस नाही." ज्याने माप दिलं तोच हे म्हणत होता.

घरात चूल पेटेना, तेव्हा भिवरा लावणीच्या रांगेत उभी राहिली. सगळ्या बायका करतात तेच तिने केलं. लेकराला पोटभर पाजलं, फडक्यात गुंडाळलं, बांधावर ठेवलं आणि वर नवऱ्याने विणलेलं इरलं घातलं. मग रांगेत जाऊन वाकली.

रांगेची पण एक रीत होती. खाचराच्या या टोकाला सुरू झालेली रांग त्या टोकाला जाईपर्यंत मोडायची नाही. मधेच बाई उठली तर भात पोचट येतं, असं म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांना उठायचं नसतं ते म्हणतात.

अर्ध्या खाचरात असताना वारा सुटला. भिवरेने मान वर केली. बांधावरचं इरलं उडालं, गिरकी घेत ओढ्यात पडलं. ठकी उघडी पडली. भिवरा उठली, तसा खोताचा मुकादम ओरडला, "ए बुरडीण! रांग मोडू नको! दोन घटका भिजलं तर विरघळत नाही पोर!"

ती वाकली. नव्या गावात नवी बाई होती ती. ती वाकली, आणि रोपं लावत राहिली, आणि प्रत्येक रोपागणिक तिला ठकीचं रडणं ऐकू येत राहिलं. मग यायचं थांबलं. रांग त्या टोकाला पोचली, तेव्हा ती धावली.

ठकी तापाने गेली. तिसऱ्या दिवशी की चौथ्या, ते कुणी सांगत नाही.

लोक भेटायला आले आणि देवाची मर्जी म्हणून गेले. सटवाने कत्ती भिंतीत खोचली आणि एका सकाळी तो गाव सोडून गेला. त्याला काही म्हणवत नाही. त्याने ऐकलं होतं ते मोठ्यांचंच.

मग सगुणी आली. रांगेत भिवरेच्या शेजारी असायची ती कुणबीण. ती परसदारी बसली आणि म्हणाली, "माझी दोन गेली गं. त्याच बांधावरनं."

भिवरेने तिच्याकडे बघितलं.

"रांगेतल्या कुणाचं गेलं न्हाई, ते विचार. लवकर संपेल मोजून."

"आणि बोलली न्हाईस कधी?"

"विचारलंन कुणी?"

भिवरा त्या दिवशी रडली, असं म्हणतात. ठकी गेली तेव्हा नव्हती रडली. तिला कळलं, की गावाला बाईच्या पाठीसाठी इरलं हवं होतं, ते खरंच. पण त्याच्याही आधी बांधावरच्या लेकरांसाठी काहीतरी हवं होतं. ते बाजारात कधी आलं नव्हतं, कारण ते मागायला पारावर जावं लागत होतं, आणि ज्यांना ते हवं होतं त्यांना पारावर जाता येत नव्हतं.

तिने लगेच कत्ती हातात घेतली नाही. तो हंगाम संपला, पुढचं वर्ष उजाडलं. ती रिकाम्या हाताने घराघराच्या परसदारी जाऊन बसायची. काय विणून देऊ, असं तिने कुणालाच विचारलं नाही. म्हणायची, "लेकरू कसं ठेवतेस ते दाखव." बायका दाखवायच्या. कुणी भांडं पालथं धरायची, कुणी सासूची फाटकी घोंगडी. एक म्हणाली, मी तर नुसती देवाला सांगते.

आणि पुढच्या पावसात भिवरा स्वतः बांधावर जाऊन निजली, ठकी जिथं होती तिथं. लोक म्हणाले, येडी झाली. असं म्हणतात, की निजली तेव्हा ती तिच्याएवढी होती, आणि पाऊस लागत गेला तशी लहान लहान होत गेली, पार तान्ह्या पोरीएवढी झाली. मग तिला कळलं, की बांधावरच्या लेकराला पाऊस वरून येतच नाही. तो बाजूने येतो, वाऱ्याबरोबर येतो, चिखलावर आपटून खालून उडतो. हे उभ्या माणसाला कळणं शक्य नव्हतं.

तिने कासवाच्या पाठीसारखं बुटकं इरलं विणलं. कडा जमिनीला टेकणाऱ्या, आणि दोन्हीकडे खुंट्या, बांधात ठोकायला. सगुणीला दाखवलं. सगुणीने त्याखाली आपलं लेकरू ठेवलं, चार पावलं मागे गेली आणि धावत येऊन इरलं फेकून दिलं.

"न्हाई गं बाई, मेल्यावर झाकतात तसं दिसतं."

भिवरेने इरलं उचलून आणलं.

"पाय दिसू दे," सगुणी म्हणाली. "रांगेतनं मान वर केली की पाय हललेला दिसला पाहिजे. मग माझा हात चालतो."

भिवरेने ते उसवलं आणि पुन्हा विणलं. वारा नसेल त्या अंगाला खालून वीतभर मोकळं ठेवलं. सगुणीने पुन्हा लेकरू ठेवलं, मागे गेली, बघितलं. आतून इवलासा पाय हलला. सगुणी तिथंच खाली बसली.

ही बातमी पारावर गेली. आणि पारावर काय झालं असेल? लेकरं वाचणार म्हणून कुणी साखर वाटली असेल? खोताने भिवरेला बोलावलं.

"मानाचं माप न घेता विणलंस म्हणे."

"व्हय, आबा."

"म्हणजे गावात काही रीत आहे की नाही?"

"घेते की माप. तुमी बांधावर निजा, आबा, गुडघं पोटाशी घेऊन. लगेच घेते."

पाराशेजारच्या विहिरीवरच्या बायका हसल्या. अख्ख्या जन्मात खोतावर कुणी हसलं नव्हतं. त्याने त्याच दिवशी हुकूम सोडला, की बुरडिणीला गावातल्या एकाही बेटातला बांबू तोडू द्यायचा नाही. आणि ते शहाणे, नातवंडांचे आजोबा सगळे, माना डोलावून मोकळे झाले. त्यांची स्वतःची नातवंडं बांधावर निजत होती. ही गोष्ट म्हातारे सांगतात तेव्हा नेमकं इथं त्यांना खोकला येतो.

लावणी तोंडावर आली होती. भिवरेने घरात पडलेली नवऱ्याची न खपलेली इरली बाहेर काढली. ती कळसासारखी, देखणी इरली. एकेक उसवलं आणि त्याच कामट्यांची लहान इरली विणली. बोटं फाटली, तरी विणत राहिली. लावणीला रांगेतल्या प्रत्येकीच्या लेकरावर एक एक इरलं होतं. बायका वाकायच्या, मान वर करून पाय बघायच्या, पुन्हा वाकायच्या.

मग तो दिवस आला. आभाळ फाटलं, असं म्हणतात. भिवरा बांधावरून फिरत खुंट्या पक्क्या करत होती. टोकाला जाऊन बघते तर एक लेकरू उघडंच. घाटावरून मजुरीला आलेल्या एका बाईचं होतं ते. ती आदल्याच दिवशी आली होती. तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं, तिला लेकरू आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. इरलं शिल्लक नव्हतं, आणि बांबूही नव्हता.

भिवरा त्या लेकरावर ओणवी झाली. हात इकडे, गुडघे तिकडे, पाठ वर. छप्पर झाली.

रांग लांब होती. वारा घोंगावत होता, बांध फुटायला आला होता. बायका सांगतात, की तिची पाठ रुंदावत गेली. पाठीवर पळसाची पानं फुटली, आधी पोपटी, मग हिरवी, मग जाड. कोपरं बांधात रुतली आणि त्यांना मुळ्या आल्या. वारा तिच्यावर आपटून दोन वाटांनी निघून जात होता. बाकीच्या बायकांना रांगेतून एवढंच दिसत होतं, की टोकाला एक मोठं हिरवं इरलं आहे आणि त्याखाली एक पाय हलतो आहे.

त्या दिवशी रांग मोडली. सगुणीने मोडली. मुकादम ओरडत राहिला. सगळ्या बायका चिखल तुडवत बांधाकडे धावल्या, पण उशीर झाला होता. भिवरेचं अंग गार पडलं होतं. तिच्याखालचं लेकरू कोरडं होतं, झोपलेलं होतं. त्या वर्षी भात पोचट आलं का? नाही आलं. पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

आता म्हातारे म्हणतात, खोताने तिचा मोठा मान केला. केला ना. पाराजवळ तिच्या नावाचा दगड उभा केला आणि पहिला नारळ आपल्या घराचा ठेवला. अजून दरवर्षी पारावरचे ताशा वाजवत निघतात, परसापरसांतून फिरतात, "काय नडतंय गं?" असं ओरडतात आणि उत्तर यायच्या आत पुढच्या घरी जातात. तो त्यांचा सण आहे. त्याच्याशी भिवरेचा काही संबंध नाही.

तिच्या नावाने जे चालतं ते वेगळंच आहे. सावरटेपात ज्याला कुणाला काही धंदा सुरू करायचा असेल, मग गिरणी असो, शिलाई असो, टपरी असो, तो आधी एकटा, रिकाम्या हाताने, परसदारी जाऊन बसतो. आपण काय विकणार ते सांगायचं नाही. काय नडतं ते विचारायचं. आतली बाई भांडी घासता घासता सांगते, "काही नाही. बरं चाललंय की."

हे पहिलं उत्तर नेहमी असंच असतं, प्रत्येक घरी. आणि त्याच्यावर उठायचं नाही, अशी रीत आहे. भिवरेचं नाव घ्यायचं आणि बसून राहायचं. तिची भांडी घासून होतात. ती पाणी ओतते, हात पुसते, चुलीत लाकूड सारते. मग कधीतरी ती उंबऱ्यात येऊन बसते, दुसरीकडेच बघते, आणि बोलायला लागते.