शिवलेला गुडघा

"माती लावताय का न्हाई, वस्ताद? एवढंच सांगा."

इंद्रजित मगदूम तालमीतल्या मातीच्या हौदाच्या काठावर उभा होता. लंगोट घालूनच आला होता. म्हणजे विचारायला नव्हे, उतरायलाच आला होता.

बाबालाल वस्ताद काठावर बसून भिजवलेले बदाम सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आमच्या तालमीची रीत आहे. दुखापतीनं बाहेर बसलेला पैलवान आपल्या मनानं हौदात उतरत नाही. वस्ताद मूठभर तांबडी माती त्याच्या खांद्याला लावतात, मगच त्यानं उतरायचं. तोवर जत्रेतली कुस्तीसुद्धा धरायची नाही. आणि जत्रा रविवारी होती.

"डॉक्टर काय म्हणले?"

"चांगलं हाय म्हणले."

"कुस्ती धर म्हणले?"

इंद्रानं लंगोटाची गाठ आवळली.

मी त्याच्याच तालमीतला, काठावरच उभा होतो; मला राहवलं नाही. मिरजेच्या दवाखान्यात त्याला प्रत्येक वेळी मीच माझ्या गाडीतनं नेलं होतं. म्हटलं, "सहा म्हैने थांब म्हणलेत, वस्ताद. आत्ता कुठं चौथा चाललाय."

इंद्रानं माझ्याकडं असं बघितलं, की आता माझ्याशीच कुस्ती धरतोय का काय.

झालं होतं ते असं. दिवाळीनंतरच्या मैदानात शेंडगे नावाच्या पैलवानानं त्याचा पट काढला, म्हणजे पाय धरून उचलला. दुसरा पाय मातीत रुतला, अंग फिरलं आणि गुडघा तिथंच राहिला. गुडघ्यात दोन हाडांच्या मधे गादी असते, ती फाटली. डॉक्टरांनी बारीक भोकं पाडून आतल्या आत टाके घालून ती शिवली. शिवण धरेपर्यंत उकिडवं बसायचं नाही, बैठका मारायच्या नाहीत, आणि त्या पायावर गरकन फिरायचं तर नाहीच नाही, असं दहादा बजावलं. ह्यानं मान डोलावली आणि घरी येऊन दार लावून बैठका सुरू केल्या. त्याच्या आईनंच मला सांगितलं. असा राग आला होता मला, एक ठेवून द्यावी वाटली.

आणि रविवारची जोड कुणाशी? त्याच शेंडगेशी. जत्रा कमिटीला ह्यानं परस्पर शब्द दिला होता. गावभर फ्लेक्स लागले होते.

"दुखतंय?" वस्तादांनी विचारलं.

"अजाबात न्हाई."

"जिना चढताना?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"मग न्हाई लावत माती."

"आं? दुखत न्हाई म्हणून न्हाई?"

"दुखत असतं तर इचार केला असता. दुखणारा गडी पाय बघून टाकतो."

इंद्राचा चेहरा लाल झाला. "वस्ताद, गावात काय बोलत्यात ठावं हाय का? मगदुमाचं पोरगं संपलं. शेंडगेला भ्यालं. चहाच्या गाड्यावर तोंडावर बोलत्यात. ह्या रविवारी न्हाई उतरलो तर परत उतरून काय उपेग? पाय गेला तर गेला!"

"पाय कुणाचा?"

"माझाच की."

"हं..."

मी त्याच्या मांड्या बघत होतो. उजवी होती तशी भरलेली. डावी मात्र पार वाळली होती, तिच्यावरनं लंगोटाची पट्टी सैल पडत होती. हा गडी रविवारी शेंडगेपुढं उभा राहणार होता.

वस्तादांनी बदामाची वाटी बाजूला ठेवली. धोतराचा काचा मारला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हौदात उतरताना कशाला धरलं नाही.

"ये खाली."

"लावताय?" इंद्राचे डोळे चमकले.

"अजून न्हाई. ये."

तो उतरला. वस्तादांनी हात पुढं केला. "उजवा पाय दे."

उजवा म्हणजे धड पाय. त्यानं दिला. वस्तादांनी घोटा दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या कमरेला लावला. आता इंद्राचं सगळं वजन डाव्या पायावर. शिवलेल्या गुडघ्यावर.

"हलायचं न्हाई," वस्ताद म्हणाले. "मी सोडंस्तवर नुसतं उभं राहायचं. राहिलास, तर ह्याच हातानं माती लावतो."

इंद्रा हसला. "एवढंच?"

"एवढंच."

"वस्ताद, नको," मी म्हणालो. माझं कोण ऐकतंय!

तो उभा राहिला.

वस्ताद त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि मी त्या गुडघ्यावरच्या बारीक वणांकडं. डाव्या पायाची बोटं मातीत रुतत चालली. थोड्या वेळानं वाळलेली मांडी थरथरायला लागली. त्याच्या कानामागनं घाम निघाला...

"भ्या वाटतंय?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हटलं न्हवं!"

वस्तादांनी घोटा सोडला नाही. वेळ जात होता आणि पोरगं काही हलत नव्हतं. राहतोय की गडी, मी मनात म्हटलं, आणि तेव्हाच मला खरी भीती वाटली. वस्ताद शब्दाला पक्के. हा उभा राहिला तर ते माती लावणार. मग रविवारी ह्याला कोण अडवणार?

तेवढ्यात रस्त्यानं जत्रेची रिक्षा आली. वर भोंगा. गाणं थांबलं आणि पुकारणारा खच्चून ओरडला, "पैलवान इंद्रजित मगदूम! विरुद्ध! पैलवान शेंडगे!"

इंद्राचं अंग ताठ झालं. मान वळली. आणि तो फिरला.

त्यानं ठरवून केलं नाही, ते मी शपथेवर सांगतो. समोरच्यानं पाय धरला की उभ्या पायावर गरकन फिरायचं आणि धरलेला पाय हिसकून घ्यायचा, हे लहानपणापासून त्याच्या अंगात मुरलेलं. वस्तादांनीच मुरवलेलं.

वस्तादांनी पाय आवळून धरला असता तर शिवण तिथंच उसवली असती. सोडून दिला असता तर आपल्याच झटक्यानं तो डाव्या पायावर फिरून आदळला असता. त्यांनी तिसरंच केलं. तो फिरला त्याच बाजूला त्यांनी आपलं अंग टाकलं. घोटा हातात तसाच ठेवून ते त्याच्याबरोबर गेले, झटका सगळा स्वतःच्या अंगावर घेतला. इंद्राचा उजवा पाय अलगद मातीवर टेकला आणि वस्ताद उताणे पडले. धप्पकन.

चितपट.

त्या हौदात त्यांची पाठ कुणी लावली नव्हती. आमच्या बापांनीसुद्धा नाही.

"वस्ताद!" इंद्रा त्यांना उचलायला खाली बसणार...

"बसू नको!" पडल्या पडल्या ते असे ओरडले, की तो अर्ध्यातच थांबला. "गुडघा मोडू नको. उभा ऱ्हा."

मी हौदात उडी घेतली. मलाही त्यांनी हातानंच लांब ठेवलं. मग ते कुशीवर वळले. एक हात टेकला, दुसरा टेकला. दम खाल्ला. आणि एवढा मोठा पैलवान दोन्ही हात लोंबत सोडून, आपला म्हातारा वस्ताद मातीतनं उठताना नुसता बघत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज कसली सांगायची, आलं.

"गुडघा?" वस्तादांनी विचारलं.

"बरा हाय." "तुमची पाठ?"

"पाठीला काय टाके न्हाईत."

इंद्रानं डाव्या पायावरचं वजन हळूच काढलं. वाकून गुडघ्याला हात लावला. आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं त्या गुडघ्याला हात लावला होता.

"हलायचं न्हाई असं ठरवलंवतं मी... आपसूक फिरलो, वस्ताद."

"व्हय."

"शेंडगेनं धरला असता तर..."

"त्यो पडला नसता."

मग मात्र गडी रडला. लहान पोरासारखा, नाक ओढत. आम्ही रडू दिलं.

"भ्या वाटतंय," तो म्हणाला. "पायाचं न्हवं. रविवारी नाव पुकारतील. सगळं गाव बसलेलं असंल. मी मधी जाऊन काय सांगू? ही कुस्ती सोडली म्हणून? बाबालाल वस्तादाचा पट्ठा न लढताच हरला म्हणतील. माझ्यानं एकट्यानं न्हाई हुयाचं ते..."

वस्ताद वळून काठाशी गेले. काठावर हात ठेवून श्वास घेत उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडं होती. पांढरं बनियन मानेपासून कमरेपर्यंत तांबडंलाल झालं होतं. पाठीला माती म्हणजे हार, हे आमच्या गावात पोरासोरालाही कळतं.

इंद्रानं डोळे पुसले. उभ्यानंच, जपून पाय टाकत तो त्यांच्या मागं गेला.

"माती लागलीय पाठीला. झाडतो."

वस्तादांनी मागं हात नेऊन त्याचं मनगट धरलं.

"असू दे. रविवारी तुझ्यासंगं मैदानात असाच यायचंय मला."