बगळे गुरुजी आणि साळिंदराचे पोर

एका जंगलात, पाणवठ्याच्या काठी, एक बगळा शाळा चालवत असे. सगळे त्याला बगळे गुरुजी म्हणत. शाळेत विषय एकच होता, माग वाचणे. ओल्या मातीतले ठसे पाहायचे आणि सांगायचे, की इथून कोण आले, कुठे गेले, आणि अजून झाडीत दबा धरून तर बसलेले नाही ना. ज्याला हे जमेल त्याने पाणवठ्यावर एकटे जावे. ज्याला जमणार नाही त्याने जन्मभर आईच्या शेपटीमागून जावे, अशी तिथली रीत होती.

गुरुजी माग वाचण्यात पटाईत होते, यात वाद नाही. पण त्यांची ठाम समजूत होती, की एका पायावर उभे राहिल्याशिवाय माग वाचताच येत नाही. ते स्वतः तसे शिकले होते, त्यांचे वडीलही तसेच शिकले होते. मग काय! वर्ग भरला, की ससा, मुंगूस, भेकर, रानडुक्कर अशा सगळ्यांची पोरे पाय पोटाशी घेऊन, मान ताणून मातीकडे टक लावत. धपाधप पडत, उठत, पुन्हा उभी राहत. रानडुकराच्या पोराला मान अशी नव्हतीच, तरी बिचारे ती ताणत असे. पुढे यातली बरीच पोरे वाचायला शिकतही. ती एका पायामुळे शिकत, की एक पाय सोसून शिकत, हा प्रश्न गुरुजींना कधी पडला नव्हता.

याच वर्गात एक साळिंदराचे पोर होते. ते पडले, की शेजाऱ्याला काटे टोचत, म्हणून गुरुजींनी त्याला सगळ्यांपासून लांब, बाभळीखाली उभे केले होते. बाभळीला काट्यांचे काय कौतुक! पोर हुशार होते. एकदा ऐकलेली गोष्ट ते जशीच्या तशी सांगे. गोड कंद कुठे आहे, हे त्याला जमिनीला नाक लावताच कळे. पण ठसे समोर आले, की सगळा घोळ. बोटे कुठली आणि टाच कुठली, तेच त्याला कळत नसे. एकदा पाहावे तर बोटे पुढे, पुन्हा पाहावे तर टाच पुढे, आणि जास्त वेळ पाहावे तर सगळे ठसे मातीतल्या मातीत वळवळू लागत.

"सांग पाहू, हा कोल्हा आला की गेला?" गुरुजी विचारत.

"गेला," पोर म्हणे.

"आला!"

"हो, आला."

"आता हा पुढचा बघ."

"आला?"

"गेला! अरे, डोळे आहेत की बटणं?"

वर्ग खो खो हसे. पोरही हसे. घरी गेल्यावर मात्र बिळाच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसे आणि विचारे, "आई, मी मठ्ठ आहे का गं?"

आईच्या काळजाला घरे पडत. तिला दुसरीही धास्ती होती. मध्यंतरी पोराने 'तरस गेला' असे वाचले होते, आणि खुशाल झाडीत शिरून ते थेट तरसाच्या नाकावर आदळले होते. नाकात काटे घुसले म्हणून तरस केकाटत पळाला, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

जंगलात सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. "डोळे अधू असतील," असे कोणी म्हणाले, तेव्हा घारीला बोलावले. तिने विचारले, "पलीकडच्या काठावर काय दिसतं?" पोर म्हणाले, "एक मुंगी. मेलेला नाकतोडा ओढतेय, पण भलत्याच बाजूने." डोळे उत्तम निघाले. कावळा म्हणाला, "घरी लाड होतात, दुसरं काय!" अस्वल म्हणाले, "दोन धपाटे घाला, सुतासारखं सरळ येईल." पण साळिंदराच्या पोराला धपाटा घालायचा कोणी? अस्वलाने तेवढे सांगितले नाही.

"लक्षच नसतं हो त्याचं," गुरुजी त्याच्या आईला म्हणाले. "आता मी स्वतः शेजारी उभा राहून शिकवतो."

दुसऱ्या दिवशी गुरुजी खरोखरच बाभळीखाली गेले. "पाय आणखी वर घे. मान आणखी लांब," असे म्हणत त्यांनी चोचीने पोराचा पाय उचलला. पोर डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले आणि गुरुजींच्या पायावर आडवे झाले. काटा घुसला तो नेमका गुरुजींच्या उभे राहायच्या पायात! गुरुजींनी अशी किंकाळी फोडली, की पलीकडच्या काठावरची बेडके पाण्यात उड्या मारून मोकळी झाली.

गुरुजींना गवतात निजवले आणि वर्ग पाणमांजरबाईंकडे गेला. या बाई मोठ्या बडबड्या. जन्म गढूळ पाण्यात मासे चाचपण्यात गेलेला. तिथे डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखेच. आल्या आल्या त्यांनी फर्मान सोडले, "पाय खाली! डोळे मिटा! हात चिखलात घाला!"

गवतातून गुरुजी कळवळून ओरडले, "अहो बाई, ठशाला हात लावायचा नसतो! मोडतो तो!"

"मोडला तर दुसरा करू. चिखलाला काय दुष्काळ आहे?" बाई म्हणाल्या.

साळिंदराच्या पोराने डोळे मिटले आणि पंजा कोल्ह्याच्या ठशात ठेवला. पहिल्यांदाच ठसा जागचा हलला नाही. "इथे खोलगट लागतंय. लहान लहान खड्डे आहेत," ते म्हणाले.

"ती बोटं. चालणारा बोटांवर जोर देतो. बोटं जिकडे, वाट तिकडे. म्हण मोठ्याने!"

"बोटं जिकडे, वाट तिकडे."

"आता दुसरा ठसा?" पोराने विचारले.

"दुसरा नाही. आज कोल्हा, उद्याही कोल्हा. कोल्हा पक्का झाला, की तरस. पंगतीत बसल्यासारखं सगळं एकदम नाही वाढून घ्यायचं."

गुरुजींना हे सगळे पोरखेळ वाटले. एका ठशावर अख्खी सकाळ! त्यांनी मान फिरवली. पण बगळ्याची मानच ती, परत वळली. पोर जीभ बाहेर काढून ठसा चाचपत होते, ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते आणि एकेक करून बरोबर सांगत होते. काही दिवसांनी त्याने चुकल्यावर स्वतःच म्हटले, "थांबा, थांबा, उलटं झालं," आणि पुन्हा पंजा ठेवून दुरुस्त केले. आता तरसालाही ते कोल्ह्यापासून वेगळे ओळखू लागले होते. गुरुजींना आनंद झाला, आणि लगेच फार वाईटही वाटले. इतके दिवस पोराचे लक्ष ठशातच होते, आपलेच लक्ष त्याच्या पायाकडे होते, हे त्यांना आता उमगले.

आता तुम्हाला वाटेल, की पाणमांजरबाई म्हणजे ज्ञानाचा सागर. तसे काही नव्हते. सशाच्या पोराला चिखलाची किळस येई. डोळे मिटले, की त्याला काहीच समजत नसे, आणि हात धुता धुता त्याचा दिवस सरे. पूर्वी झरझर वाचणारे ते पोर आता रडकुंडीला आले होते. एक दिवस ते गुपचूप गवतात शिरले आणि म्हणाले, "गुरुजी, मी नुसतं बघून वाचू का? बाईंना सांगू नका."

गुरुजी लंगडत लंगडत बाईंकडे गेले. "बाई, तुम्ही सशाला बिघडवलंत."

"आणि तुम्ही साळिंदराला," बाई म्हणाल्या.

दोघे बराच वेळ भांडले. वर्गाने ती मजा पोटभर पाहिली. शेवटी घसा बसल्यावर गुरुजी म्हणाले, "असं करू. बघून कळतं त्याला मी बघून शिकवतो. हाताने कळतं त्याला तुम्ही शिकवा. आणि दोन्हीकडून थोडं थोडं कळतं, त्या रानडुकराला दोघं मिळून शिकवू." रानडुकराच्या पोराला याचा फारसा आनंद झाला नाही. त्याला आता दोन गुरू झाले होते.

पावसाळा सरता सरता परीक्षा आली. परीक्षक होते सांबर. शिंगे एवढी मोठी, की त्यांच्या वजनाने मान कायम ताठ, आणि मान ताठ म्हणून रुबाबही ताठ. पाणवठ्याच्या वाटेवरचे ताजे ठसे वाचायचे आणि पुढे जाण्यात धोका आहे का ते सांगायचे, अशी परीक्षा होती. साळिंदराची आई एका बाजूला अंग चोरून बसली होती. आज पोर नापास झाले, तर त्याला पाणवठा कायमचा बंद होणार होता.

पोराने पहिल्याच ठशात पंजा ठेवला. सांबर कडाडले, "ए! हात मागे! माग बघून वाचायचा असतो. नियम आहे."

पोराचे काटे एकदम खाली बसले. त्याने गुरुजींकडे पाहिले. हा नियम गुरुजींचाच होता. त्यांनीच तो वर्षानुवर्षे सगळ्यांना पाठ करायला लावला होता. गुरुजी पुढे झाले.

"सांबरसाहेब, नियम मी केला होता. या पोराला हाताने वाचू द्या."

"म्हणजे ठसे मोडणार! मागच्यांनी काय वाचायचं?"

"मग त्याला शेवटी घ्या. मागे कोणी उरणारच नाही."

"आज याला सवलत दिली, की उद्या सगळेच मागतील."

"मागू द्या की. ससा मागणार नाही. त्याला किळस येते."

"पण हा तर निव्वळ लाड झाला, गुरुजी!"

आता मात्र गुरुजींचा आवाज चढला. "लाड? उद्या हा एकटा पाण्यावर येईल आणि झाडीत तरस बसलेला असेल, तेव्हा 'बघून वाच' म्हणायला तुम्ही इथे उभे राहणार आहात का? त्याला माग कळला, की झालं. तो डोळ्याने कळला की पंजाने, याच्याशी तरसाला काय देणंघेणं?"

सांबराने बराच वेळ रवंथ केला. मग म्हणाले, "शेवटी घ्या त्याला."

बाकीच्यांची परीक्षा आटोपली. साळिंदराचे पोर वाटेवर बसले. वाचायला त्याला इतका वेळ लागला, की सांबर उभ्या उभ्या पेंगू लागले आणि कावळा घरी जाऊन जेवून परत आला. पोर एकेका ठशावर पंजा ठेवत, पुटपुटत पाण्यापर्यंत गेले. तिथून पुन्हा झाडीच्या कडेपर्यंत आले, चुकले, मागे गेले, परत आले. मग उभे राहून म्हणाले, "तरस आला. पाणी प्यायला. पण आल्या वाटेने परत नाही गेला. बोटं टेकडीकडे आहेत. झाडीत शिरला नाही, टेकडीकडेच गेला. धोका नाही."

सांबराने डोळे उघडले. "बरोबर," ते म्हणाले, आणि नियमाची आठवण व्हायच्या आत घरी निघून गेले. आई हमसून हमसून रडली. गुरुजींना पोराला जवळ घ्यावेसे वाटले, पण पायाची जखम नुकतीच भरली होती, म्हणून त्यांनी लांबूनच पंख हलवले.

त्याच संध्याकाळी पोर पहिल्यांदा एकटे पाण्यावर गेले. ऊन कलले, पाखरे परतली, तरी त्याचा पत्ता नाही. आई बिळाच्या तोंडाशी येरझाऱ्या घालू लागली. गुरुजीही तिथेच येऊन बसले होते. त्यांनी 'काही होत नाही हो' असे इतक्यांदा म्हटले, की आईला जास्तच भीती वाटू लागली. तेवढ्यात पोर आले. चारी पाय कोपरापर्यंत चिखलात, डोळ्यांत नुसता आनंद.

"होतास कुठे रे इतका वेळ?" आई ओरडली.

"अगं, वाचत होतो! आधी भेकर गेलं होतं, त्याच्यामागे त्याचं पाडस. मग एक मोर आला, नाचला आणि कोणी बघत नाही म्हणून परत गेला. मग एक खेकडा. आई, खेकडा कसा तिरका लिहितो माहितीये? वाटेवरचा एकही ठसा सोडला नाही मी!"

"ते असू दे. पोटभर पाणी प्यायलास ना?"

पोराने आईकडे पाहिले, गुरुजींकडे पाहिले. "पाणी?" ते म्हणाले. "अगं, ते राहिलंच की!" आणि ते आल्या पावली पुन्हा पाणवठ्याकडे पळत सुटले.

तात्पर्य : पोराला वाचता येत नसेल, तर पोराला नावे ठेवण्याआधी शिकवण्याची रीत बदलून पाहावी.