काळ्या मोटारीचा पंखा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणावी, तर तिच्यात मोटार आहे. तेव्हा एक 'फार' कमी करू या. पण मोटार मात्र इतकी जुनी होती, की ती आधी आली आणि रस्ता मागून झाला, असं लोक चेष्टेनं म्हणत.

एका खोल खोऱ्यात एक गाव होतं. दवाखाना घाटाच्या वर होता, आणि मध्ये अकरा वळणं होती. अख्ख्या गावात वाहन एकच, ही काळी मोटार. गोंदाजी नावाचा माणूस ती चालवी, धुई, पुशी, आणि कुणी तिला खटारा म्हटलं तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे.

सपाटीवर काळी शहाण्यासारखी चाले. चढ लागला की तापे. तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघे, गाडी थांबवावी लागे, आणि ती निवेपर्यंत रस्त्याकडेच्या दगडावर अर्धा तास बसावं लागे. धडधाकट माणसाला अर्ध्या तासाचं काही वाटत नाही. आदल्या वर्षी मात्र कुंभाराची सून तिथंच बाळंत झाली. ती वाचली, मूल वाचलं नाही. तेव्हापासून गोंदाजी त्या दगडावर कधी बसला नाही.

आणि आता त्याचीच लेक, हौसा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना लागला होता. गोंदाजी जेवताना मध्येच हात थांबवून घाटाकडे बघत बसे.

दोष पंख्याचा होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा तो जुना पंखा, गाडी हळू झाली की हळू होई. आणि चढावर गाडी हळूच चालणार. शिवाय त्याचं एक पातं तडकलं होतं. तसं पातं आता कुठं मिळत नव्हतं. शेवटी गावानं ठरवलं की विजेवर चालणारा पंखा बसवायचा. गाडी हळू चालो की उभी राहो, तो आपल्या वेगानं फिरतो.

हे काम रंगनाथ वायरमननं घेतलं. पाच गावांतल्या पाण्याच्या मोटारी त्याच्याच हातानं चालू होत. हात सोन्याचे होते त्याचे, खोटं कशाला बोला. फक्त एक खोड होती. तो कुणाला काही विचारत नसे. "माणसं दहा गोष्टी सांगतात, वायर एकच सांगते," असं तो म्हणे, आणि लोक माना डोलावत.

त्यानं जुना पंखा काढला, रेडिएटरच्या मागं नवा बसवला. जाड वायर घेतली, मध्ये फ्यूज घातला, पंख्याला वीज सोडणारा रिले लावला, आणि पाणी तापलं की आपोआप चालू होणारं बटण रेडिएटरला जोडलं. पंख्याची लाल वायर त्यानं बॅटरीकडून पुढं आलेल्या जाड तारेला जोडली आणि काळी वायर गाडीच्या अंगाला कसली. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, आणि मायनस गाडीच्या अंगाला, असंच तो आयुष्यभर करत आला होता. बॅटरी मागच्या सीटखाली होती. सीट उचलून ती बघायची त्याला गरज वाटली नाही.

गोंदाजी शेजारी उभा होता. तो म्हणाला, "रंगनाथराव, या गाडीचं एक जरा निराळं हाय बगा..."

"मामा, तुम्ही स्टेअरिंग सांभाळा," रंगनाथ हसून म्हणाला. "हे माझ्यावर सोडा."

गोंदाजी मागं सरला. त्याला वाटलं, हा एवढा जाणता माणूस, आपण काय त्याला शिकवणार? दर महिन्याला सीट उचलून तो बॅटरी गरम पाण्यानं धूत असे, तिच्यातली प्रत्येक गोष्ट त्याला माहीत होती. तरी तो गप्प राहिला.

त्या गावाची एक रीत होती. काही नवं बसवलं की त्याला हार घालायचा, मग ते जातं असो की मोटार. हार करायची ठकूआजी. तीच गावाची सुईणही होती. तिनं झेंडूचा हार आणला, त्याला बेगडाच्या लांब झिरमिळ्या लावल्या आणि काळीच्या पुढच्या जाळीवर बांधला. इंजिन तापलं, बटण लागलं, पंखा सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झिरमिळ्या बाहेरच्या बाजूला फडफडू लागल्या.

ठकूआजीनं डोळे बारीक केले. "अरे लेका, माझा हार बाहेर ढकलतोय ह्यो. आत वढायला नगो का?"

"आजी, हार नाचतोय आनंदानं," रंगनाथ म्हणाला. सगळे हसले. आजी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाला कळा सुरू झाल्या. आजीनं पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. "मूल आडवं हाय. दवाखाना गाठायलाच हवा."

काळी निघाली. मागं हौसा आणि आजी, पुढं गोंदाजी आणि त्याच्या शेजारी रंगनाथ. आपलं काम घाटात बघायची त्याला हौस होती. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावरच वाफेचा लोट उठला. तिसरं वळण अजून पुढंच होतं.

गोंदाजीनं गाडी थांबवली. मागून लेकीचं कण्हणं येत होतं. रंगनाथ धावत पुढं गेला. पंखा जोरात फिरत होता. फ्यूज शाबूत, रिले शाबूत, वायर थंडगार. त्यानं तपासणीचा दिवा लावून बघितला, तोही लागला. सगळं बरोबर होतं आणि गाडी उकळत होती. त्याच्या कपाळावरून घाम ओघळू लागला. ज्यानं कधी कुणाला विचारलं नाही, त्याला विचारायचं कसं तेही येत नव्हतं.

"माझा हार बघ!" आजी खिडकीतून ओरडली. "अजून भाईरच उडतोय."

रंगनाथनं हाराकडे बघितलं. मग तो गोंदाजीकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, काल तुम्ही काय सांगत होतात?"

"ही जुनी गाडी हाय," गोंदाजी म्हणाला. "हिची बॅटरी उलटी बांधलीय. हिचं प्लस अंगाला असतं."

आता रंगनाथला सगळं उमगलं. दिव्याला दोन्हीकडून वीज सारखीच, तो कसाही लागतो; पण पंखा वायर उलटी लागली की उलटा फिरतो. काल दुपारपासून तो पंखा रेडिएटरमधली गरम हवा समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर फुंकत होता. त्यानं पंख्याच्या दोन्ही वायर सोडवल्या आणि अदलाबदल करून पुन्हा जोडल्या. दोन मिनिटांचं काम होतं.

पंखा पुन्हा सुरू झाला. बेगडाच्या झिरमिळ्या एकदम आत ओढल्या गेल्या आणि जाळीला चिकटून बसल्या.

वाफ ओसरेपर्यंत थांबावंच लागलं. ती दहा मिनिटं चौघांपैकी कुणीच विसरलं नाही. मग गोंदाजीनं पाणी ओतलं आणि काळी निघाली. तिसरं वळण आलं, तो दगड आला, आणि गाडी न थांबता पुढं गेली. गोंदाजी रडत रडत गाडी चालवत होता.

हौसाला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोघींचं सांगता आलं नसतं."

दवाखान्याच्या पायरीवर रंगनाथनं गोंदाजीचे पाय धरले. "मामा, मी तुमचं ऐकलं नाही."

गोंदाजीनं त्याला उठवलं. "आणि म्या पुरतं सांगितलं न्हाई. लेक माझी व्हती, तरी भिडेपायी गप्प बसलो. निम्मं माझ्या पदरात घाल."

त्यानंतर रंगनाथ कुठंही कामाला गेला, की पिशवी उघडण्याआधी त्या यंत्राच्या धन्याजवळ बसे, चहा घेई आणि विचारी, "हिचं काही निराळं आहे का?" कुणी बोलायला संकोचलं, तर तो दुसरा चहा मागवी.

म्हणून, मुलांनो आणि मोठ्यांनो, दुसऱ्याच्या वस्तूला हात घालण्याआधी तिला सांभाळणाऱ्याला विचारावं. आणि आपल्याला जे ठाऊक आहे, ते समोरचा कितीही हुशार असला तरी सांगूनच टाकावं.