लाडोबाची कोठडी

"दारू पिऊन रस्त्यात झिंगताना जो दिसेल तो कोठडीत, मग तो कुणी का असेना!" राजा विक्रांतसेनाने दवंडी पिटवली आणि दोर वळणारा म्हादबा पहिल्याच दिवशी सापडला. फटके खाऊन आत गेला, उतरल्यावर सुटला, आणि सुटला तो तडक गुत्त्यावर. पुन्हा फटके, पुन्हा कोठडी. हात असे थरथरायला लागले की दोर वळेना. शेवटी राजा वैतागला. आता पुन्हा सापडला तर जन्मभर आत, म्हणाला. आणि म्हादबाच तो, सापडलाच.

नेमका त्याच दिवशी राजाचा लाडका हत्ती, लाडोबा, गुत्त्यावरचा मोहाच्या दारूचा रांजण रिचवून बाजारात झुलत निघाला. भाजीवाल्यांच्या पाट्या उलथल्या आणि सोनाराच्या ओट्यावर बूड टेकलं. त्याला मात्र फटके नाहीत हो! वैद्य धावले. डोक्यावर गार पाणी, पोटात ताक, गजशाळेत मऊ गवताचं अंथरूण.

म्हादबाची बायको येसू पदर खोचून दरबारात गेली. 'कुणी का असेना' म्हणालात, मग लाडोबा कोठडीत का नाही, असं तिने सरळच विचारलं. राजाला राग आला, पण शब्द त्याचाच होता.

"बरं, तूच घालून दाखव," तो मिशीत हसत म्हणाला. "घातलंस तर नवऱ्याचं काय करायचं ते तू सांग. नाहीतर तो जन्मभर आत."

कोठडीचं दार एवढंसं, माणसालाही वाकून जावं लागे. येसूने कोतवालाकडून फक्त कोठडीचं कुलूप मागून घेतलं, गजशाळेत गेली आणि पेंगणाऱ्या लाडोबाच्या दाराला ते लावून टाकलं. राजा मागोमाग आलाच.

"हे काय?"

"कोतवालाचं कुलूप लागतं ती कोठडी, महाराज. हत्ती आत आहे."

राजाने कुलूप ओढून पाहिलं. पक्कं लागलं होतं.

"दारुड्यांची कोठडी आता हीच," येसू म्हणाली. "माझ्या माणसालाही इथेच आणा. लाडोबाची ताकाने उतरली, याची फटक्यांनी कधी उतरायची?"

राजा पोट धरून हसला. म्हादबाला त्याने वैद्यांच्या हवाली केलं, बरा झाल्यावर हत्तीचे दोर वळायचं कायमचं काम द्यायचं कबूल केलं, येसूला जरीचं लुगडं दिलं. वर विचारलं, आणखी काही?

"वैद्य हत्तीचे असू देत, महाराज, खुराक तेवढा माणसाचा द्या. घरी आल्यावर मलाच पोसायचाय त्याला!"

राजा पुन्हा हसायला लागला, तो लाडोबा जागा होईपर्यंत.