ठकूबाईचा कोंडवाडा

फार फार मागची गोष्ट, आपल्या आजोबांचे आजोबाही तेव्हा रांगत असतील. डोंगराच्या कुशीतल्या कातळवेढा गावात ठकूबाई नावाची बाई राहायची. गुरांचा ओस पडलेला कोंडवाडा तिनं सारवून घेतला होता. त्याच्या भिंतींवर ती गेरूनं माणसांची तोंडं काढी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातातही काडी देई. नेम एकच, आपलं तोंड आपण काढायचं नाही, दुसऱ्याचं काढायचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणून लोक हसायचे.

एका शिमग्याला मात्र ते हसू आटलं. देवाची पालखी आधी कुणाच्या अंगणात न्यायची, या मानावरून वरची आळी आणि खालची आळी कोंडवाड्यासमोरच हातघाईवर आल्या. वरच्या आळीचा म्होरक्या कुशाबा, ठकूबाईचा पाठचा भाऊ. खालच्या आळीच्या पुढे उभा होता तिचा एकुलता मुलगा सावळा. दोघांच्या हाती कोयते होते. ढोल थांबले. कुणीही पडलं तरी रडायचं तिलाच होतं.

ती मध्ये शिरली. तिनं हात धरला नाही, पाया पडली नाही. असं म्हणतात, ती एवढंच बोलली, "कुशा, मार त्येला. पर आधी माझा नेम पाळ. ज्याला मारायचा, त्याचं तोंड भिंतीवर काढ."

थोरल्या बहिणीचा शब्द, तोही पालखीसमोर. कुशाबानं चरफडत काडी घेतली. पण काढायचं तर बघावं लागतं. कपाळ झालं, डोळे झाले, नाक झालं. काडी कानापाशी अडली.

"ह्यो वण कशाचा रं?"

"तुमच्या खांद्यावरनं पडलो हुतो, मामा. पालखी बघताना."

कुशाबाच्या हातून आधी काडी पडली, मग कोयता. आणि भिंतीवरच्या कोरड्या गेरूला डोळ्यांपाशी पाणी सुटलं, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, ओघळ अजून आहेत.

त्या वर्षी पालखी आधी कोंडवाड्यात गेली, आजही तिथंच जाते. दोन्ही आळ्या जमतात. वर्षभरात ज्याच्याशी बोलणं तुटलं असेल, त्याला समोर बसवून त्याचं तोंड काढतात. वेडंवाकडं चालतं. शेवटचं तोंड पुरं झाल्याशिवाय पालखी उचलत नाहीत.

चारी भिंती भरून गेल्या आहेत. गावातलं एकही घर सुटलेलं नाही. ठकूबाईचं तोंड तेवढं कुठंच नाही. तिच्याशी कुणाचं भांडणच झालं नाही.