केवडाच्या माळेतल्या गाठी

एका गावात दिगंबर नावाचा एक हुशार मुलगा होता, आणि त्याला एकच दुखणं होतं. दुसऱ्या कुणाचं चांगलं झालं की त्याच्या पोटात दुखायचं. तसं म्हणाल तर त्याला कशाची कमी नव्हती. वडिलांच्या केळीच्या बागा, घरात दूधदुभतं, अभ्यासाला वेगळी खोली. तो पुस्तक उघडून बसला की आई बाकीच्यांना दटावून गप्प करायची. पण ज्याला जळायचंच असतं त्याला कारण सापडतंच, आणि दिगंबरला ते पाठशाळेतच सापडलं. त्या कारणाचं नाव केवडा.

केवडा कोष्ट्याची मुलगी. दोघं एकाच दिवशी पाठशाळेत बसली. तिथे हरबा गुरुजी दर महिन्याच्या शेवटी परीक्षा घेत, आणि गुण कागदावर लिहीत नसत. प्रत्येक मुलाचा एक लांब दोरा असे. परीक्षेत पास झालं की त्या दोऱ्यात एक लाल गुंज ओवायची, नापास झालं की नुसती गाठ मारायची. चार वर्षांची ही माळ बांबूच्या छोट्या काडीवर गुंडाळून ठेवायची. गाठ सोडायची नाही, दोरा तोडायचा नाही. पुढे शिकायला जायचं तर ही माळच बरोबर न्यायची.

पहिली दोन वर्षं दिगंबर मजेत होता. त्याच्या दोऱ्यात गुंजेमागून गुंज पडत होती आणि केवडाच्या दोऱ्यात गाठीमागून गाठ. ती उशिरा यायची, यायची तीही झोपाळलेली. श्लोक म्हणता म्हणता तिचा डोळा लागायचा आणि मुलं हसायची. दिगंबर हसायचा नाही. उलट तो तिला आपली पाटी द्यायचा, अडलेलं समजावून सांगायचा. मागे पडलेल्या माणसाशी चांगलं वागणं फार सोपं असतं बघा. त्याला ते छान जमायचं.

तिसऱ्या वर्षी सगळं फिरलं. केवडा वेळेवर यायला लागली, जागी राहायला लागली, आणि एका महिन्यात तिच्या दोऱ्यात गुंज पडली. हरबा गुरुजींनी सगळ्यांसमोर शाब्बास म्हटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा गुंज, पुन्हा शाब्बास. मग ती थांबलीच नाही. दिगंबरची गुंज पडायची तेव्हा गुरुजी न बघताच दोरा पुढे सरकवायचे, कारण त्याची पडणारच हे ठरलेलं. तिची पडली की मात्र अख्खी पाठशाळा खूश. खोटं कशाला सांगू, दिगंबरचंही अगदीच चुकत नव्हतं. चार वर्षांत त्याला एकदाही कुणी शाब्बास म्हटलं नाही. पण त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. मनात ठेवलं, आणि ते तिथे आंबत गेलं. तिला पाटी देणं त्यानं कधीच बंद केलं होतं.

चौथं वर्ष संपलं. दोघांनाही वैद्य व्हायचं होतं. शहरात मोठी वैद्यशाला होती आणि तिथले भानुशास्त्री स्वतः माळा बघून विद्यार्थी निवडत. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की वैद्यशाला एका गावातून एका वेळी एकालाच घेते. चाळीस वर्षं गावातून एकेकच गेला होता. म्हणजे आता दोघांपैकी एकच.

दिगंबर निर्धास्त होता. एवढ्या गाठी असलेल्या मुलीला कोण घेणार? पण निघायच्या आदल्या दिवशी गुरुजी केवडाला धीर देत होते ते त्यानं ऐकलं. माळेचं पहिलं टोक काडीला बांधून त्यावर पुढचे महिने गुंडाळतात, त्यामुळे जुन्या गाठी अगदी आत दडलेल्या असतात. शास्त्रीबुवा बाहेरून उलगडायला लागतात, शेवटची दोन वर्षं बघतात आणि त्यात गुंजाच असल्या की थांबतात, असं गुरुजी म्हणाले. हे ऐकून केवडाचा जीव भांड्यात पडला. त्या गाठींची तिला फार लाज वाटायची. दिगंबरच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. याचा अर्थ शास्त्रीबुवांना दोन्ही माळा सारख्याच दिसणार. आपण चार वर्षं एकही गाठ पडू दिली नाही त्याला किंमत शून्य.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दोघांना घेऊन निघाले. दुपारी कालव्याकाठी चिंचेखाली भाकरी खाल्ली. गुरुजी खांद्यावरची पडशी उशाला घेऊन आडवे झाले आणि घोरायला लागले. केवडा भांडी घासायला पाण्यावर गेली. पडशीतून दोन्ही काड्या बाहेर डोकावत होत्या.

दिगंबरनं केवडाची काडी ओढून घेतली, माळ पूर्ण उलगडली, काडीला बांधलेलं टोक सोडलं आणि उलटी गुंडाळली. आता नव्या गुंजा आत गेल्या आणि जुन्या गाठी वर आल्या. त्यानं गाठ सोडली नव्हती, दोरा तोडला नव्हता. आपण काही खोटं केलं नाही, जे आहे तेच वर आणलं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मग काडी पुन्हा पडशीत सरकवून दिली.

वैद्यशालेत भानुशास्त्री ओसरीवर बसले होते. वय झालेलं, डोळे अधू. ते माळ बोटांनीच बघत. त्यांनी आधी केवडाची काडी हातात घेतली आणि उलगडायला लागले. गाठ. गाठ. गाठ. पुन्हा गाठ. हरबा गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. केवडानं खाली मान घातली. दिगंबरला आतून गार गार वाटलं. आता म्हातारा माळ खाली ठेवेल, आत्ता ठेवेल, म्हणून तो वाट बघत राहिला.

पण जन्मभर नाडी बघितलेला माणूस दोन ठोक्यांवर हात सोडत नाही. शास्त्रीबुवा पुढे जात राहिले. दोन वर्षांच्या गाठी संपल्या. एक गुंज आली. मग दुसरी. मग गुंजाच गुंजा, थेट शेवटपर्यंत. आतलं टोक काडीला बांधलेलं नव्हतं, तेव्हा माळ उलटी गुंडाळलेली आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांनी माळ मांडीवर ठेवली आणि या पहिल्या दोन वर्षांत काय झालं होतं, असं केवडाला विचारलं.

केवडाला बोलणं जड गेलं. पण विचारलं होतं म्हणून तिनं सांगितलं. घर शाकारताना बाबा आढ्यावरून पडले. कमरेखालचं अंग हलेना. दोन वर्षं अंथरुणात होते. आई दिवसभर मागावर, कारण माग थांबला तर चूल थांबायची. धाकटे दोघे भाऊ अगदी लहान. मग बाबांचं सगळं केवडाकडे आलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

शास्त्रीबुवांनी मांडीवरचा दोरा घट्ट धरला. "दोन वर्षं अंथरुणात? पडून पडून त्यांची पाठ किती ठिकाणी फुटली?"

"एकाही ठिकाणी नाही," केवडा म्हणाली.

ओसरीवर उभे असलेले मोठे विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या रुग्णशाळेत पडून असलेल्या माणसाची पाठ पंधरा दिवसांत जखमा होऊन फुटायची. शास्त्रीबुवांनी कसं केलंस म्हणून विचारलं. केवडानं साधंच सांगितलं. दिवसा आणि रात्री ठरावीक वेळानं बाबांना कुशीवर वळवायची. कडुनिंबाच्या पाण्यानं पुसून अंग कोरडं करायची. मागावरचं वाया गेलेलं सूत फडक्यात भरून लहान लहान उशा केल्या होत्या, त्या टाचांखाली आणि माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना द्यायची. चादरीला एक चुणी राहू द्यायची नाही. रात्रीतून तीन वेळा उठायला लागायचं, म्हणून पाठशाळेत झोप यायची. आता बाबा काठी घेऊन चालतात, एवढं बोलून ती थांबली.

शास्त्रीबुवा मोठ्या विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "हे मी तुम्हाला तीन वर्षं शिकवतोय."

दिगंबरच्या आता लक्षात आलं. त्यानं वर आणलेल्या गाठींनीच तिचं भलं केलं होतं. माळ नेहमीसारखी आली असती तर म्हातारा निम्म्यावर थांबला असता आणि त्याला यातलं काही कळलं नसतं. शास्त्रीबुवांच्याही तेच मनात आलं असावं. माळ उलटी कशी आली, असं त्यांनी विचारलं.

शास्त्रीबुवांनी काडी हातात घेतली तेव्हाच केवडाला ती दिसली होती; ती गुंडाळी आपली नाही असं तिनं सांगितलं. कोष्ट्याच्या घरात पोरं चालायला लागली की मागाच्या कांड्या भरायला, म्हणजे त्यांवर सूत गुंडाळायला बसतात. इतकी ढिली कांडी तिच्या घरी कुणी भरत नव्हतं.

शास्त्रीबुवांनी दिगंबरची काडी उचलली. त्यांची बोटं तिच्यावरून फिरली. केवडाच्या काडीवर आधी लागली होती तशीच ढिली गुंडाळी. टोकही तसंच, दोनदा आत खुपसलेलं.

"बाळ, ही तू गुंडाळलीस?"

"हो."

"आणि तिची?"

दिगंबर नाही म्हणू शकला असता. कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या म्हाताऱ्याची बोटं अजून त्याच्या दोऱ्यावर होती, आणि ती बोटं आपल्या मनगटावर आहेत असं त्याला वाटत होतं. "तीही मीच," तो म्हणाला. मग चार वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. तिच्या एका गुंजेला सगळ्या शाळेनं शाब्बास म्हटलं, आणि मला कधी कुणी म्हटलं नाही. जागा एकच, तीही ती घेऊन जाणार होती. हरबा गुरुजी जमिनीकडे बघत राहिले, कारण शाब्बासकीचं म्हणणं खरं होतं.

"जागा एकच, हे कुणी सांगितलं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

दिगंबरनं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी केवडाकडे. तसं कुणीच सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं गावातून एकेकच जण आला होता, म्हणून एकच घेतात असं गावानंच धरून ठेवलं होतं.

"इथे लायक असेल त्याला जागा असते," शास्त्रीबुवा म्हणाले. "दोन्ही माळा जशा होत्या तशा आल्या असत्या, तर मी दोघांनाही घेतलं असतं."

त्यांनी केवडाला आत पाठवलं. दिगंबरची माळ त्याच्याच हातात दिली आणि शेवटच्या गुंजेपुढे एक गाठ मारायला सांगितली. दिगंबरनं मारली. चार वर्षांतली त्याची पहिली गाठ. पुढच्या वर्षी ये, ते म्हणाले, दार उघडं आहे. आल्यावर तुझ्या गुंजा मी बघणार नाही, या गाठीबद्दल विचारीन. तेव्हा ती का पडली, ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल.

परतताना त्याच चिंचेखाली गुरुजी आणि तो थांबले. गुरुजी या वेळी झोपले नाहीत. भाकरी सोडता सोडता म्हणाले की तुला शाब्बास म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं. दिगंबरनं मान हलवली. त्याचा अंगठा त्या गाठीवरून पुढे मागे फिरत होता. शास्त्रीबुवांनी केवडाला दोन वर्षांच्या गाठींबद्दल विचारलं, तेव्हा तिनं मान वर करून उत्तर दिलं होतं. आपल्याला एकाच गाठीचं द्यायचं होतं, आणि ते ओठांवर येत नव्हतं. आजवर तो तिच्या गुंजांवर जळला होता. त्या दुपारी पहिल्यांदा त्याला तिच्या गाठींचा हेवा वाटला.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याची जुनी गाठ जगाला दाखवायला जाणारा शेवटी आपल्याच दोऱ्याला गाठ मारून बसतो, आणि गाठ लाजेची की मानाची, हे ती कशापायी पडली त्यावर ठरतं.